तिसरी पायरी

संदेश माझाच होता.
तहसीलच्या मागच्या खोलीत, कूलरमधलं पाणी आटलेलं,
मे महिन्याच्या दुपारी लिहिला :
गिरणा नदीपात्रात बारा हजार क्युसेक विसर्ग,
नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.
रंगीत तालीम होती ती. पात्रात तेव्हा
पोरं क्रिकेट खेळत होती, वाळूत काठ्या रोवून.
चारशे बारा पाठवले, चारशे बारा पोचले.
पडद्यावर हिरवी खूण. साहेब म्हणाले, छान.

दुसऱ्या दिवशी मला गावात धाडलं, सह्या आणायला.

लोटन आप्पांनी मोबाइल पुढे केला,
बटणांचा, पाठीला रबर गुंडाळलेला.
माझं शुद्ध मराठी त्यात
नुसते चौकोन होऊन पडलं होतं,
एकाला एक लागून,
एनए केलेल्या वावरातल्या रिकाम्या प्लॉटांसारखे.
तसं आप्पांना चौकोन काय नि अक्षर काय,
चुन्याची कळी डोळ्यांत उडाली त्याला बारा वर्षं झाली.
"वाच," म्हणाले. वाचलं.
"क्युसेक म्हंजे कितलं रे भो?"
मी सांगू लागलो, एका सेकंदाला एक घनफूट,
तर त्यांनी हात वर केला.
"महादेवनी कोनती पायरी बुडी, ते सांग."

भिलाटीत वैजयंता मालचे. तिला ऐकू येत नाही.
यादीतला नंबर तिचा, फोन भावाजवळ, भाऊ सुरतेला.
म्हणजे तिचा इशारा सुरतेत पोचला होता,
गिरणेचं पाणी शेवटी जिथे जातं तिथेच.
मी कपाळावर हात मारला. तिला ते बरोबर कळलं, हसली,
आणि खुंटीवरची सुतळी काढून दाखवली :
पावसाळ्यात रात्री एक टोक हिच्या अंगठ्याला,
दुसरं भावजयीच्या बांगडीला.
हिने ओढून दाखवली.
चुलीपाशी बसलेल्या बाईने मान वर केली.

अकरा सह्या, सात अंगठे घेऊन मी परतलो.
फायलीला सव्वा वर्ष लागलं, ते सांगत नाही.

आता महादेवाच्या पायऱ्यांना आकडे आहेत,
पांढऱ्या रंगातले, बोटांनी चाचपता येतील असे उठावदार.
खांबावर लाल दिवा फिरतो.
वैजयंताच्या उशाखाली थरथरणारी चकती आहे,
पण सुतळी तिने काढलेली नाही,
आणि मीही काढ म्हटलेलं नाही.
शाळेचा उतार ठेकेदाराने इतका उभा बांधला
की हिलालची तीनचाकी मागे घसरली.
तो पुन्हा फोडून बांधायला लावला,
हिलालला शेजारी बसवून.

आवाज आधी साहेबांचा होता. गाव उठलं नाही,
लोकांना वाटलं बातम्या लागल्या.
मग चक्कीवाल्या सकीनाबी पिंजारी,
ज्यांच्यापुढे दळणाची रांग कधी वाकडी होत नाही,
त्या माइकला तोंड लावून ओरडल्या :
"पानी उनं, पानी! तिसरी पायरी बुडनी!
ढोरं सोडा, पोरं उचला, मराठी शायमा चला!
लोटन आप्पाले कोन लई ऱ्हायनं? नाव सांगा!"

शेवटची ओळ कागदावर नव्हती.
वरून पत्र आलं, ती वगळावी.
पत्र माझ्या खणात आहे.

त्या तालमीला अंधारात एकदम तीन पोरांनी
आपापलं नाव सांगितलं,
आणि आप्पा चिडले, मी काय पोतं आहे का म्हणून.

वीटभट्टीवरची माणसं मात्र जागची हलली नाहीत.
सातपुड्यातून आलेली, बोलणं पावरी.
त्यांना वाटलं कुणाच्या लग्नाची वर्दी आहे.
संगणकात भाषेच्या रकान्यात मराठी, हिंदी, इंग्रजी, इतर.
काल रुमालसिंगला विचारलं,
तुमच्याकडे पाण्याला काय म्हणतात?
त्याने हातातली वीट खाली ठेवली.
म्हणाला, कोणत्या पाण्याला?
पितात त्या,
की अंगावर येतं त्या?